पाचव्या वर्षात गेलेल्या फोनचा रिव्ह्यू

फोन नवा असताना त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार थोडं असतं. पहिल्या महिन्यात सगळेच फोन सुसाट चालतात. स्टोरेज भरतं, बॅटरी थकते, दोन-तीन मोठी अपडेट्स येऊन जातात, तेव्हा फोनचा खरा कस लागतो. तोवर रिव्ह्यू लिहिणारे पुढच्या फोनकडे वळलेले असतात. म्हणून हा रिव्ह्यू पाचव्या वर्षात गेलेल्या फोनचा आहे. मधल्या वर्गातला अँड्रॉइड फोन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, तेही ईएमएमसी या स्वस्तातल्या प्रकारचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या वर्गातल्या बहुतेक फोनना लागू पडेल.

निकाल आधीच सांगते. फोन चांगला आहे, मी तो रोज वापरते आणि अजून वापरणार आहे. मध्यंतरी तो इतका मंदावला होता की घरच्यांनी नवा घेण्याचा धोशा लावला. बॅटरी बदलली, स्टोरेज मोकळं केलं आणि गेलेला वेग बराचसा परत आला. कंपनीबद्दल माझी एकच तक्रार आहे, पण ती मोठी आहे. फोन का मंदावलाय याचा बराचसा हिशेब फोनच्या आत असतो, आणि तो मालकाला दाखवला जात नाही.

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर प्रुफं, दुरुस्त्यांचे निरोप, पानांचे फोटो, लेखकांचे लांबलचक व्हॉइस मेसेज, असा सगळा कारभार फोनवर चालतो. त्यामुळे फोन मंदावल्याचं मला सगळ्यात आधी कीबोर्डवर जाणवलं. ‘स्थित्यंतर’सारखा शब्द टाइप करायचा म्हणजे स, हलन्त, थ, वेलांटी, असं करत बरीच बटणं दाबावी लागतात. पूर्वी बोट उचलायच्या आत अक्षर उमटायचं. मग असं होऊ लागलं की चार-पाच बटणं दाबून झाली तरी पडद्यावर नुसता ‘स’, आणि क्षणभराने अख्खा शब्द धाडकन येऊन बसायचा, बऱ्याचदा भलतीच वेलांटी घेऊन. वरच्या पट्टीतल्या शब्दांच्या सूचना तर पुढचा शब्द सुरू केल्यावर यायच्या. कॅमेऱ्याचंही तेच. पानावर फोन धरून बटण दाबलं की फोटो थोडा उशिरा निघायचा, तोवर हात हललेला, आणि समासातली पेन्सिलची खूण पुसट.

‘फोन जुना झाला’ असं म्हणून हे सोडून देता येतं. पण प्रुफं वाचणाऱ्या माणसाला चूक कुठे आहे ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. मी तो नेमका कधी अडकतो यावर लक्ष ठेवलं. पहिली गोष्ट दिसली ती अशी की सकाळी चार्जिंगवरून काढल्यावर फोन बरा चालायचा. संध्याकाळी बॅटरी २५-३० टक्क्यांवर आली की तेच अ‍ॅप, तीच फाइल, आणि तरी चालढकल. पुन्हा चार्जरला लावला की थोड्याच वेळात सुधारायचा. थंडीच्या दिवसांत हे जास्त व्हायचं. एकदा तर १८ टक्के बॅटरी दिसत असताना कॅमेरा उघडला आणि फोन सरळ बंद पडला.

ही लक्षणं थकलेल्या बॅटरीची आहेत. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा दोन गोष्टी घडतात आणि आपण त्यातली एकच मोजतो. चार्ज कमी मावतो, हे सगळ्यांना कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा अंतर्गत रोध वाढतो. आतल्या इलेक्ट्रोडवर रासायनिक थर साचत जातो आणि वीज बाहेर पडायला जास्त अडथळा होऊ लागतो. कॅमेरा उघडणं, मोठं अ‍ॅप सुरू करणं, अशा वेळी प्रोसेसर काही क्षण भरमसाट करंट मागतो. रोध वाढलेला असेल तर त्या क्षणी बॅटरीचं व्होल्टेज झपकन खाली येतं. फार खाली आलं तर फोन बंद पडतो. थंडीत रोध आणखी वाढतो, आणि चार्ज कमी असताना व्होल्टेज मुळातच उतरलेलं असतं. फोन असा मध्येच बंद पडू नये म्हणून अनेक फोनांत व्होल्टेज घसरायला लागलं की प्रोसेसरला लगाम घालायची सोय केलेली असते. फोन बंद पडत नाही, पण मंदावतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हे गुपचूप करण्याबद्दल.

याच गुपचूपपणावरून अ‍ॅपल मोठ्या अडचणीत आली होती. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ या आयफोनच्या सिस्टिमच्या अपडेटने आयफोन ६ आणि ६एसच्या पिढीतले फोन अचानक बंद पडण्याचं प्रमाण कमी केलं. कसं, ते अपडेटच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये गीकबेंच हे वेग मोजणारं अ‍ॅप बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जच्या जॉन पूल यांनी त्यांच्याकडे जमलेल्या आकड्यांचे आलेख प्रसिद्ध केले. एकाच मॉडेलच्या फोनांचे गुण साधारण एका जागी गोळा व्हायला हवेत. नव्या आवृत्तीवर मात्र त्या एका शिखराच्या डाव्या बाजूला आणखी छोटी छोटी शिखरं उभी राहिलेली दिसली, म्हणजे काही फोन ठरावीक पायऱ्यांवर मंद केले जात होते. त्यानंतर अ‍ॅपलने गोष्ट मान्य केली, महिनाअखेर माफी मागितली, २०१८ साठी बॅटरी बदलून देण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला, आणि मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ बरोबर सेटिंगमध्ये बॅटरीच्या तब्येतीचं पान दिलं. २०२० मध्ये फ्रान्सने या माहिती न देण्याबद्दलच २.५ कोटी युरोचा दंड केला, आणि अमेरिकेतला ग्राहकांचा सामूहिक दावा मिटवायला अ‍ॅपलने ५० कोटी डॉलरपर्यंत द्यायची तयारी दाखवली.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते सेटिंगमधलं पान. ते आलं आणि लाखो लोकांना पहिल्यांदाच कळलं की आपल्याला नवा फोन नको, नवी बॅटरी हवी आहे. माझ्या फोनमध्ये असं पान नाही. तापमान दिसतं, टक्के दिसतात, पण मूळ क्षमतेपैकी किती उरली, किती वेळा चार्ज झाली, वेग कमी केलाय का, यातलं काहीही नाही. या एका कारणासाठी मी या फोनचे गुण कापते, आणि चांगलेच कापते.

बॅटरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून घेतली. काउंटरवर सुरुवातीला मला नवा फोनच सुचवला गेला. “पाच वर्षांचा फोन आहे ताई, यात पैसे कशाला घालता?” असं विचारणं झालं. मी बॅटरी आधी तपासायला सांगितली. त्यांनी फोन यंत्राला जोडला आणि पडद्यावर क्षमता ७० टक्क्यांच्या आसपास दाखवली. म्हणजे हा आकडा त्यांच्याकडे निघतो, फक्त मला दिसत नाही. उघडायचं काम करणाऱ्या दादांनी मला समोर बसून बघू दिलं, त्यांचे मनापासून आभार. मागचं झाकण गोंदाने चिकटवलेलं असतं. ते गरम पॅडवर ठेवून गोंद सैल केला, मग पातळ प्लॅस्टिकची पट्टी कडेने हळूहळू फिरवत नेली. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचं, बाकी सगळं नंतर. बॅटरीखाली लोखंडी काही घालायचं नाही, तिला भोक पडलं तर आग लागू शकते. जुनी बॅटरी काढून त्यांनी टेबलावर ठेवली तर ती सपाट बसेना. बोटाने टेकवलं की डुलत होती, पोटात इतकी फुगलेली. गेले काही महिने झाकणाच्या कडेला नख अडकायला लागलं होतं त्याचा उलगडा तिथे झाला. फुगलेली बॅटरी हे फक्त वेगाचं प्रकरण राहत नाही, अशी फट दिसली तर फोन वापरणं थांबवून लगेच दाखवा. आणि एक सूचना त्यांनी केली ती इथे देते: झाकण एकदा उघडलं की पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं उरलंय असं धरून चालू नका.

फरक त्याच दिवशी कळला. आधी चार्ज कमी असताना वेगाच्या चाचणीत मिळणारे गुण पूर्ण चार्जवरच्या गुणांच्या जेमतेम दोन तृतीयांश असायचे. नव्या बॅटरीनंतर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. कॅमेरा पुन्हा बटणाबरोबर फोटो काढू लागला.

पण कीबोर्ड अर्धाच सुधारला. दिवसा कधीही, पूर्ण चार्ज असतानाही, मध्येच अक्षरं अडायची. लक्ष ठेवल्यावर दिसलं की हे होतं तेव्हा मागे काहीतरी डाउनलोड नाहीतर अपडेट चालू असतं. म्हणजे दुखणं दुसरंच, स्टोरेजचं. आणि फोन जुना होण्यात याचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

फोनमधली फ्लॅश मेमरी लिहिताना छोट्या पानांत लिहिते, काही केबींच्या. पुसताना मात्र तिला एकेक पान पुसता येत नाही, शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. त्यामुळे जुन्या माहितीच्या जागी नवी लिहायची तर आधी त्या ब्लॉकमधली कामाची पानं दुसरीकडे हलवायची, मग ब्लॉक पुसायचा, मग लिहायचं. स्टोरेजमध्ये भरपूर मोकळी जागा असेल तर हे काम मागच्या मागे, सवडीने होतं. ते भरलेलं असेल तर लिहायच्या ऐन वेळी करावं लागतं. सरकत्या ठोकळ्यांचं पंधरा आकड्यांचं कोडं आठवा. एकच घर रिकामं असतं, म्हणून एक ठोकळा जागेवर न्यायला दहा ठोकळे हलवावे लागतात. माझ्या फोनमध्ये ६४ पैकी ६१ जीबी भरलेले होते.

त्यात भर ईएमएमसीची. या प्रकारच्या स्टोरेजला एका वेळी वाचता येतं किंवा लिहिता येतं, दोन्ही एकदम नाही. महागड्या फोनांत असतं ते यूएफएस, त्यात दोन्ही एकाच वेळी चालतं. माझ्या फोनमध्ये एखादं अ‍ॅप अपडेट होऊन स्वतःला लिहून काढत असतं तेव्हा कीबोर्डला त्याचा शब्दकोश वाचायला थांबावं लागतं. माझी भलतीच वेलांटी तिथून येत होती. फोन घेताना रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे सगळे विचारतात. स्टोरेज ईएमएमसी आहे की यूएफएस, हे विचारणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फोन कसा चालेल ते मेगापिक्सेलवर नाही, यावर ठरतं.

हा त्रास जुना आहे. सुरुवातीच्या अँड्रॉइड उपकरणांमध्ये तुम्ही फाइल डिलीट केली तरी ती जागा आता रिकामी आहे हे मेमरीच्या चिपला कळवलंच जात नसे, त्यामुळे चिप मेलेली माहितीही जपून हलवत बसायची. २०१२ च्या नेक्सस ७ टॅब्लेटवर लोकांनी हे फार भोगलं. गूगलने २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.३ मधून चिपला रिकाम्या जागा कळवणारी ट्रिमची सोय आणली, आणि मंदावलेली अनेक उपकरणं त्या अपडेटनंतर हुशारली. अपडेटने फोन वेगवान होण्याचं हे एक जुनं उदाहरण. ही सफाई फोन वापरात नसताना आणि चार्जिंगला असताना होते, म्हणून रात्री फोन चार्जरला लावून त्याला जरा स्वस्थ पडू देणं खरोखर उपयोगी असतं.

मी जुन्या प्रुफांचे फोटो आणि व्हॉइस मेसेज संगणकावर उतरवून घेतले, मेसेजिंग अ‍ॅपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद केलं, आणि अ‍ॅपची आपोआप होणारी अपडेट्स बंद करून ती झोपण्याआधी चार्जिंगला लावून हाताने करायला लागले. आता १५ जीबीच्या वर जागा कायम मोकळी ठेवते. कीबोर्डचं अडणं जवळपास थांबलं.

आता अपडेट्सबद्दल, कारण सगळ्यात जास्त राग लोकांचा तिथे असतो. कंपन्या नवा फोन खपवायला जुना मुद्दाम मंद करतात, असं अनेकांचं ठाम मत आहे. सरसकट तसं म्हणायला आधार नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये फ्यूचरमार्क या वेग मोजणाऱ्या कंपनीने आयफोनच्या चाचण्यांचे लाखावर निकाल तपासले. आयफोन ५एसचा ग्राफिक्सचा वेग वेगवेगळ्या आयओएस आवृत्त्यांवर जवळजवळ तसाच राहिलेला दिसला, प्रोसेसरच्या वेगातही किरकोळच फरक होता. पुढच्याच वर्षी आलेलं आयओएस १२ तर जुन्या फोनांसाठीच सुधारलेलं होतं आणि त्यांच्यावर ते खरोखर चपळ चालायचं. उलट बाजूचंही उदाहरण आहे. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड केला, तो जुन्या फोनांना जड जाणारी अपडेट्स पुरेशी कल्पना न देता घ्यायला लावल्याबद्दल.

माझा स्वतःचा अनुभव असा की मोठ्या अपडेटनंतरचे पहिले दोन-तीन दिवस मोजूच नयेत. त्या काळात फोन आतून कामात असतो. अ‍ॅप्स नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार (कम्पाइल) केली जातात, हजारो फोटोंची सूची नव्याने बनते, फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. बरेच लोक याच दिवसांत वैतागून रीसेट मारतात, आणि रीसेटनंतर हीच सगळी कामं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

पण ते दिवस गेल्यावरही थोडा जडपणा उरतो, हे खरं आहे. सिस्टिम आधीपेक्षा जास्त रॅम व्यापते. अ‍ॅप्सचं तर विचारूच नका. जे मेसेजिंग अ‍ॅप मी निरोप पाठवायला घेतलं त्यात आता स्टेटस आहेत, चॅनल आहेत, व्हिडिओ कॉल आहेत, आणि हे सगळं माझ्या त्याच ४ जीबीत बसवायचं. रॅम कमी पडली की अँड्रॉइड वापरात नसलेल्या अ‍ॅपची माहिती दाबून लहान करून ठेवतो, म्हणजे प्रोसेसरला जादा काम, आणि तरीही पुरेना तर मागचं अ‍ॅप बंद करतो. मी पीडीएफमध्ये पान ११२ वर खूण बघते, लेखकाला उत्तर द्यायला मेसेजकडे जाते, परत येते तर पीडीएफ पहिल्या पानापासून उघडतेय. बॅटरी बदलून यात काहीच सुधारलं नाही, आणि सुधारणारही नव्हतं. सिस्टिमच्या अपडेटला आपण शिव्या घालतो, पण माझ्या फोनवर जास्त वजन अ‍ॅप्सनी वाढवलं आहे. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस तरी ४ जीबीचा जुना फोन हातात घेऊन स्वतःचं अ‍ॅप वापरावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

क्लीनर आणि बूस्टर नावाची अ‍ॅप्स मात्र टाकू नका. ती मागची अ‍ॅप्स बंद करतात, आणि तीच अ‍ॅप्स पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला फोनला आणखी मेहनत पडते. सेटिंगमधल्या डेव्हलपर पर्यायांत जाऊन ॲनिमेशनचा काळ निम्मा केला तर फोन चटपटीत वाटतो. प्रत्यक्ष वेग तोच असतो, पण दिवसभर वापरताना फरक पडतो, म्हणून मी ते केलंय. सेकंदाला १२० वेळा पडदा ताजा करणारा दुसऱ्याचा १२० हर्ट्‌झचा फोन हाताळून आल्यावर आपला ६० हर्ट्‌झचा फोन आजारी वाटायला लागतो, तो भागही थोडासा मनाचाच.

मग हा फोन कुणी ठेवावा? वाचन, लेखन, निरोप, कॉल, कागदपत्रांचे फोटो, एवढं काम असेल आणि एका वेळी दोनच अ‍ॅप्स उघडी ठेवायची सवय असेल, तर पाचव्या वर्षीही तो उत्तम साथ देतो. गेम खेळणाऱ्यांनी आणि व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. नव्याने घ्यायचा असेल तर मी आता यूएफएस स्टोरेज, किमान ८ जीबी रॅम आणि सेटिंगमध्ये दिसणारी बॅटरीची तब्येत, या तीन गोष्टींशिवाय घेणार नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनवर बॅटरी किती चार्जिंग टिकेल ते लेबलवर छापावं लागतं, ८०० वेळा चार्ज झाल्यावरही तिच्यात ८० टक्के क्षमता उरावी लागते, आणि महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळावे लागतात. अशी लेबलं सगळ्या जगात हवीत.

माझ्या फोनला सुरक्षा अपडेट्स या वर्षअखेरीपर्यंत मिळणार आहेत. ती थांबली की बँकेची आणि पैशांची अ‍ॅप्स यावरून काढून टाकेन. प्रुफांसाठी तो त्यानंतरही चालेल, आणि गरज पडली तर आणखी एक बॅटरी घालीन.